उरलेली लोकर

उरलेल्या वस्तूंना आपल्या भाषेत पुष्कळ नावे आहेत. शिंप्याच्या कात्रीखाली कातरण पडते, सुताराच्या वाकसाखालून ढलप्या उडतात. सोनाराच्या दारची तर मातीसुद्धा वाया जात नाही; ती धुऊन सोन्याचा कण शोधणाऱ्या झारेकऱ्यांची पोटे तिच्यावर भरत आली. विणलेल्या वस्त्राच्या टोकाला जे सुटे धागे राहतात त्या दशा. द्वितीयेची चंद्रकोर दिसली की पदराची एक दशी काढून चंद्राला वाहायची आणि 'जुनं घे, नवं दे' म्हणायचे, ही रीत पुष्कळ घरांतल्या आजी-पणजींनी पाळलेली आहे. ज्याच्यापाशी देण्यासारखे काही नाही त्यालाही अंगावरचा एक धागा देता यावा, एवढा विचार त्या रीतीमागे असावा असे मला वाटते.

स्वेटर विणून झाल्यावर उरणाऱ्या लोकरीला मात्र असे वेगळे नाव नाही. कधी सुपारीएवढा, कधी लिंबाएवढा, फार तर कांद्याएवढा गुंडा. त्यात मोजा होत नाही, टोपरे होत नाही, आणि टाकून द्यायला तर हात धजत नाही. अशा गुंड्यांमधून केसांच्या वस्तू होतात. वेणीला लावायचे लोकरी रबर, कपाळावरचे केस मागे धरणारा पट्टा, अंबाड्याभोवतीची जाळी, पिनेवर शिवायचे फूल. या वस्तूंवर वार्षिकांकात लेख लिहिते आहे असे सांगितल्यावर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, पण त्यात लिहिण्यासारखं आहे काय?" तिच्या त्या प्रश्नाचे हे सविस्तर उत्तर समजायला हरकत नाही.

आमचे घर सावेडीत आहे. मलिक अहमदने नगर वसवले, तेव्हापासून सावेडी हे वेशीबाहेरचे गाव. आता ते उपनगर झाले, २००३ पासून महानगरपालिकेत आहे, आणि २०२४ पासून शहर-जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. तोंडात मात्र अजून 'नगर' येते. भिस्तबागेकडून येणारा वारा डिसेंबरात अंगाला झोंबतो. नगरची थंडी कोरडी. रात्री हाडात शिरते आणि सकाळी दहाला ऊन पडले की नाहीशी होते. म्हणून इथे स्वेटर लागतो, पण वर्षातून जेमतेम दोन-अडीच महिने. विणणारीला मात्र ते वर्षभराचे काम असते. दिवाळीनंतर ज्याला स्वेटर घालायचा त्याच्या स्वेटरचे टाके उन्हाळ्यातच सुईवर चढलेले असतात.

माझी आजी गेली पन्नास वर्षे विणते. तिच्या खाटेखाली एक पत्र्याची पेटी आहे आणि पेटीत जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी. त्या पिशवीत उरलेली लोकर. लहानपणी ताप आला की आई ती पिशवी माझ्यापुढे उपडी करी आणि मी रंग निवडत बसे. त्यामुळे आमच्या घराण्याचा इतिहास मला रंगांवरून पाठ आहे. बाटलीसारखा हिरवा तो आजोबांच्या बंडीचा, ते एसटीत होते तेव्हाचा. गुलबक्षी आत्याच्या लग्नाआधीचा. फिका पिवळा कुणाचा ते कुणी बोलत नाही. ते बाळ वर्षाचे व्हायच्या आत गेले. त्या पिवळ्या लोकरीचे काही करायला आजीने अजून कुणाला परवानगी दिलेली नाही.

लोकर उरते तरी का? ज्याला विणकाम येत नाही त्याला वाटते की विणणारीचा अंदाज चुकला. तसे नसते. लोकरीच्या वेष्टणावर रंगाच्या क्रमांकाशेजारी आणखी एक क्रमांक छापलेला असतो, तो लॉटचा. लोकर मोठ्या कढयांत घाणा घालून रंगवतात, आणि रंगाचे नाव तेच असले तरी दोन घाण्यांचा रंग अगदी तोच उतरत नाही. दुकानात शेजारी-शेजारी धरले तर फरक कळत नाही. पण पाठ एका लॉटची आणि बाही दुसऱ्या लॉटची झाली की उन्हात तो फरक बोलू लागतो. म्हणून जाणती बाई सुरुवातीलाच एका लॉटचे एक-दोन गुंडे जास्त घेते. तीनशे ग्रॅम लागणार असतील तर साडेतीनशे. म्हणजे जे उरते ते सावधपणामुळे उरते. पूर्वी लोकर औंसावर मिळे; आजी अजून 'अर्धा औंस राहिली' असेच म्हणते. एक औंस म्हणजे सुमारे अठ्ठावीस ग्रॅम, तेव्हा तिचा अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम. त्यात केसांची दोन रबरे आणि एक फूल होते.

या पिशवीत उसवलेली लोकरही येते. मूल वाढते, स्वेटर आखूड होतो, मग तो उसवून पुन्हा विणायचा. उसवलेला धागा वळ्यावळ्यांचा निघतो, जणू त्याला जुन्या टाक्यांची सवय लागलेली असते. त्याची लडी करून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली वजन अडकवून सावलीत वाळत घालायची. वाळली की सरळ होते. आमच्याकडे या कामाला पितळी तांब्या ठरलेला आहे.

आता केसांकडे वळते. रबर येण्यापूर्वी बायका वेणी कशाने बांधत? त्या वस्तूला मराठीत सुंदर शब्द आहे, आगवळ. वेणीत गुंफायची सुताची किंवा रेशमाची दोरी. दागिने रेशमात ओवून देणारे पटवेकरी करगोटे करीत, गोफ विणीत आणि गोंडेही बांधून देत. वेणी लांब दिसावी म्हणून गंगावन लावीत, त्याच्या टोकाला हे गोंडे झुलत. म्हणजे धाग्याने केस बांधणे ही काही कालची कल्पना नव्हे. पुढे शाळांमधून दोन वेण्या आणि रिबिनी आल्या, आणि मग रबर आले. रबराने काम सोपे केले, पण उघडे रबर केसांना चिकटते आणि निघताना दोन-चार केस तोडूनच निघते. आजीने आत्याच्या शाळेच्या दिवसांत रबराभोवती लोकर विणायला सुरुवात केली ती एवढ्यासाठीच.

गंमत अशी की अमेरिकेत १९८६ साली रॉमी रेव्हसन नावाच्या गायिकेला हीच अडचण आली. कडक प्लॅस्टिकच्या क्लिपांनी तिचे केस तुटत. पायजम्याच्या नाडीच्या जागी असलेले इलॅस्टिक पाहून तिने कापडात गुंडाळलेले रबर तयार केले आणि १९८७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज आपण सगळ्या ज्याला 'स्क्रंची' म्हणतो ती हीच. मी आजीला ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, "बरं केलं हो बाईनं. पण पेटंट म्हणजे काय?" मी सांगितले. त्यावर तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे दुसरीनं करायचंच नाही? हे काय बरं नाही."

करायची पद्धत सोपी आहे. क्रोशाची सुई, साधे काळे रबर आणि पाच ग्रॅम लोकर. आधी रबराला वेढून मुके खांब भरायचे, अगदी दाटीने, म्हणजे रबर कुठे दिसता कामा नये. मग दुसऱ्या फेरीत प्रत्येक मुक्या खांबात दोन-दोन, तीन-तीन उभे खांब. टाके मुद्दाम जास्त घातले की कापड सपाट राहू शकत नाही, त्याला चुण्या पडतात आणि झालर तयार होते. फुलासाठी पाच साखळ्यांचे कडे, त्यात पाकळ्या. शेवटी टोके सुईने आतल्या बाजूला फिरवून दडवायची. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे, पण वस्तू टिकते ती त्याच्यामुळे. उरलेल्या लोकरीत आणखी एक अडचण असते: एक धागा जाड, दुसरा बारीक. तेव्हा बारीक धागा दुहेरी घेऊन जाडाच्या बरोबरीला आणावा लागतो. रंग ठरवतानाही मन मानेल तसे चालत नाही. जेवढा रंग आहे तेवढ्यातच पाकळी पुरी करायची असते. नवीन लोकरीचे गुंडे घेऊन बसले तर कोणालाही फूल करता येईल. पण साडेतीन हात हिरवा आणि सहा हात पांढरा असताना फूल पुरे करणे याला बुद्धी लागते.

शाळेत 'कार्यानुभव' या विषयाच्या तासाला आम्हांला लोकर जाळून ओळखायला शिकवले होते. खऱ्या लोकरीचा धागा जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरली तर राख होते. अ‍ॅक्रिलिकचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी होते. केस जळल्याचा वास का, तर लोकर म्हणजे मेंढीचे केसच. आपले केस, नखे आणि मेंढीची लोकर सगळी केराटिन नावाच्या एकाच प्रथिनाची. तेव्हा लोकरीने वेणी बांधली म्हणजे केसांना केसच बांधले असे म्हणायला हरकत नाही. मात्र आजकालच्या पिशवीत खरी लोकर क्वचित. बाजारात जिला आपण लोकर म्हणतो ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून केलेला धागा. आजीच्या तरुणपणी 'कॅशमिलॉन' म्हणून तिचे केवढे अप्रूप होते! धुतली तरी आटत नाही, कसर लागत नाही. आज ते अप्रूप राहिले नाही, पण धागा मात्र सहजासहजी कुजत नाही. तो कचऱ्यात न जाता केसांत गेला तर बरेच, असा एक नवा विचारही हल्ली ऐकू येतो.

नगरला धाग्याचे वावडे कधीच नव्हते. जिल्ह्यातल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची काळी, भरड लोकर बायकांनी कातायची, मागावर घोंगडी विणायची आणि चिंचोक्याची खळ लावून तिला ताठ करायची, हे काम इथे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. शहरात आणि भिंगारला लुगडी विणणारे हातमाग होते. पद्मशाली घरांतून खटखट ऐकू येई. सुयांवरचे विणकाम मात्र बाहेरून आले. सिंथिया फॅरार ही अमेरिकन मिशनची शिक्षिका १८३९ साली नगरला आली आणि १८६२ मध्ये इथेच वारली. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे तिच्याच संस्थेत घेतले असे सांगतात. मिशनच्या मुलींच्या शाळांतून त्या काळी वाचन-लेखनाबरोबर सुईकामही शिकवीत. दुसरी वाट लष्कराची. १९४८ पासून नगरला रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे पंजाबातल्या, डोंगरी मुलखातल्या कुटुंबांचे येणे-जाणे इथे सतत असते, आणि त्या बायकांच्या हातात सुया असतातच. आजी विणायला शिकली ती अशाच एका शेजारणीकडून. आजीला हिंदी येत नव्हते, त्या बाईंना मराठी येत नव्हते. एक सुलट, एक उलट, एवढे मात्र दोघींनाही येत होते. बाईंच्या यजमानांची बदली झाली तेव्हा त्या जाताना आजीला आपली उरलेली लोकर देऊन गेल्या. पिशवीतला किरमिजी रंग त्यांचा.

इथवर सगळे गोड आहे. माझ्या मैत्रिणीने हा लेख इथपर्यंत वाचला असता तर ती म्हणाली असती, 'छान. टाकाऊतून टिकाऊ!' या तीन शब्दांपाशीच मला थोडे थांबायचे आहे.

आमच्या आईचा एक बचत गट आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी सावेडीतच एका मैदानात महिलांच्या वस्तूंचे प्रदर्शन भरले होते. गटातल्या बायकांनी चकल्या, उटणे, पणत्या मांडल्या. आईने लोकरीची अठ्ठेचाळीस रबरे नेली. किंमत वीस रुपये. बायका यायच्या, हातात घ्यायच्या, रंगांचे कौतुक करायच्या आणि विचारायच्या, "घरीच केलंत?" आई हो म्हणे. "लोकर विकत आणली का?" आई खरे ते सांगे, की उरलेली आहे. त्याबरोबर पुढचे वाक्य ठरलेले: "मग वीस रुपये कशाचे? उरलेल्या लोकरीचंच आहे ना?" दुपारनंतर आईने किंमत पंधरावर आणली. संध्याकाळपर्यंत सगळी रबरे संपली आणि आई सातशे वीस रुपये घेऊन घरी आली. बाबांनाही आनंद झाला. ते म्हणाले, "बघ, तुझा वेळ छान जातो आणि वर पैसेही मिळतात."

त्या रात्री मी वही घेऊन बसले. आमचे अर्थशास्त्राचे सर सांगतात की हिशेबात जे धरले नाही ते फुकट असते असे नाही, ते फक्त दिसत नाही. तेव्हा मी न दिसणारे मांडत गेले. साधी रबरे अठ्ठेचाळीस, दोन रुपयांप्रमाणे शहाण्णव रुपये. प्रदर्शनातल्या टेबलाचे भाडे दोनशे. उरले चारशे चोवीस. एका रबराला वीस मिनिटे, म्हणजे अठ्ठेचाळीसांना सोळा तास. ताशी साडेसव्वीस रुपये. ही लोकर फुकट धरून. आता लोकर फुकट नव्हती. आईने, आजीने ती कधीतरी पैसे देऊनच आणली होती. पाच ग्रॅमप्रमाणे दोनशे चाळीस ग्रॅम. स्वस्तातल्या लोकरीचा भाव शंभर ग्रॅमला ऐंशी रुपये धरला तरी एकशे ब्याण्णव रुपये झाले. उरले दोनशे बत्तीस. भागिले सोळा. ताशी साडेचौदा रुपये.

दिवसभर प्रदर्शनात उभे राहिल्याचे तास मी यात धरलेले नाहीत.

मग माझ्या लक्षात आले की त्या बायकांच्या वाक्यात एकच शब्द दोनदा काम करीत होता. उरलेली लोकर, आणि उरलेला वेळ. लोकर स्वेटरातून उरली म्हणून तिची किंमत नाही; तसाच आईचा वेळ स्वयंपाक, धुणे, डबे, आजीचे औषध यांतून उरला म्हणून त्याचीही किंमत नाही. पण आईचा वेळ खरोखरच उरतो का? सरकारने २०१९ साली देशभर लोक आपला वेळ कसा घालवतात याची पाहणी केली होती. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात असे आढळले, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे. दोनशे नव्याण्णव मिनिटे म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. या कामाला मजुरी नाही. त्यातून पुन्हा सोळा तास कुठून उरणार? बाबांचे 'वेळ छान जातो' हे वाक्य मी आईला आठवण करून दिले, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वेळ जात नाही गं माझा. मी तो काढते."

पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० च्या आपल्या ग्रंथात एक गमतीचे उदाहरण दिले आहे. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी मोलकरणीशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होते. काम तेच, बाई तीच, पण पगार थांबला म्हणून ते उत्पन्नातून वगळले गेले. वर्गात हे उदाहरण निघाले की मुले हसतात. मला अलीकडे हसू येत नाही.

आमच्या सावेडीतच श्रमिकनगर आहे. तिथल्या कितीतरी बायका घरी बसून विड्या वळीत आल्या आहेत. एका हातात तेंदूची पाने, मांडीवर सूप, आणि पायाशी मूल. त्याही 'घरी बसून' काम करतात. पण त्यांचे काम हजार विड्यांवर मोजले जाते, आणि विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राने कायदा केला तेव्हा घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानले. मजुरी पुरेशी आहे असे त्या म्हणत नाहीत, त्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागतात. पण मोर्चा काढण्यासाठी आधी आपण कामगार आहोत हे तरी ठाऊक असावे लागते. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही घरबसल्या मजुरीने काम करणाऱ्यांसाठी एक करार मंजूर केला. केसांचे रबर विणणारी आमची आई यांपैकी कशातच बसत नाही. तिला काम देणारा मालक नाही, म्हणून ती मजूर नाही. आणि ती स्वतःची किंमत लावत नाही, म्हणून ती व्यापारीही नाही. ती नुसती 'हौशी' आहे.

याचा अर्थ यंत्रावर झालेल्या मालाशी भांडावे असा नाही. कापडबाजारात साटीनची झुळझुळीत रबरे डझनाच्या भावाने मिळतात. हाताने विणणारी त्या भावाला कधीच पोहोचणार नाही, आणि तिने पोहोचूही नये. प्रश्न एवढाच आहे की जिथे आपण हाताचे काम म्हणून हौसेने हातात घेतो, तिथेही भाव मात्र यंत्राचाच का करतो?

मागच्या वर्षी पुन्हा प्रदर्शन भरले. या वेळी आईने रबरे तीसच केली. मी एक पाटी रंगवून दिली. त्यावर लिहिले होते: लोकर चार रुपये, रबर दोन रुपये, जागेचे भाडे सात रुपये, हाताचे काम बावीस रुपये. एकूण पस्तीस. पाटी वाचायला गर्दी झाली हे खरे. काहींनी तोंडे वाकडी केली. एक आजोबा थांबून पुन्हा पुन्हा वाचत राहिले आणि दोन रबरे नातींसाठी घेऊन गेले. एक ओळखीच्या काकू म्हणाल्या, "अहो वहिनी, ओळखीतही भाव कमी नाही का करायचा?" आईने टेबलावरचे एक निळे रबर उचलले, त्यांच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "हे तुमच्या मुलीला माझ्याकडून. फुकट देईन हो वहिनी, पण कमी किमतीत नाही देणार."

त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. वरवर पाहता ते व्यवहाराला सोडून आहे. जो फुकट देतो त्याला दहा रुपये कमी घ्यायला काय हरकत आहे? पण देणे आणि घासाघीस यांत फरक आहे. दिलेल्या वस्तूची किंमत देणारा जाणून असतो, म्हणूनच ती भेट होते. किंमत पाडून घेतलेल्या वस्तूबाबत घेणारा म्हणतो की हिची किंमत मुळात नव्हतीच. आजीला लोकर देऊन गेलेल्या त्या पंजाबी बाईंनी किरमिजी गुंडे दिले, ते टाकाऊ म्हणून दिले नाहीत. चंद्राला वाहिलेली दशीसुद्धा टाकाऊ नसते.

त्या दिवशी तीसांपैकी एकोणीस रबरे विकली गेली. मिळाले सहाशे पासष्ट रुपये. रबराचे साठ, लोकरीचे एकशे वीस आणि भाड्याचे दोनशे वजा जाता उरले दोनशे पंच्याऐंशी; तासांनी भागले तर ताशी साडेअठ्ठावीस. फार मोठा विजय म्हणावा असे यात काही नाही. माल कमी खपला, आणि चकल्या विकणाऱ्या काकूंची कमाई तिप्पट झाली. पण मागच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट, आणि दहा रबरे शिल्लक. ती वसतिगृहातल्या मुलींनी वाटून घेतली. आपल्या महाविद्यालयाच्या मार्गिकेत एखाद्या मुलीच्या वेणीला हिरव्या-पांढऱ्या झालरीचे रबर दिसले तर ते बहुधा त्यांतलेच.

आजीची दृष्टी आता मंद झाली आहे. ती क्रोशा करीत नाही, पण लोकरीचे धागे बोटांनी चाचपून जाड-बारीक वेगळे करून देते. पिवळा गुंडा हाताला लागला की तो न बोलता परत पिशवीच्या तळाशी जातो. त्याची किंमत विचारायची कुणाची छाती नाही.

आईच्या हिशेबाच्या वहीत पूर्वी दोन रकाने असत, खर्च आणि जमा. गेल्या वर्षीपासून तिने पट्टीने आखून तिसरा रकाना वाढवला आहे आणि त्यावर 'वेळ' असे लिहिले आहे. विणायला बसली की घड्याळ पाहून मिनिटे मांडते. मध्येच दूध उतू जायला उठली तर तेवढी वजा करते. मार्चअखेर तिने त्या रकान्याची बेरीज केली. एकशे अठरा तास झाले. आकडा पाहून ती काही बोलली नाही. पुन्हा वरपासून बेरीज करून पाहिली, आणि तेवढीच आली.

(द्वितीय वर्ष, कला)